फोटोच्या पाठीवरचं नाव

(सामुदायिक रेडिओवरील महिलांच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)

आज आम्ही बोलणार आहोत ते घरातल्या जुन्या फोटोंविषयी आणि अल्बमविषयी. बचत, बियाणं, बाळंतपण, पाणी असे विषय सोडून हे मध्येच काय काढलं, असं कुणाला वाटेल. पण थोडं ऐका, मग ठरवा.

आपल्या परभणी जिल्ह्यात कुठल्याही घरात जा, जुने फोटो चारच ठिकाणी सापडतात. पत्र्याच्या पेटीत तळाला, लग्नाच्या शालूखाली. रेशनकार्ड आणि शेताच्या कागदांच्या पिशवीत. भिंतीवर, देवाच्या तसबिरींच्या रांगेत, हार घातलेले. आणि कपाटावर ठेवलेल्या लग्नाच्या जाड अल्बममध्ये. वर्षानुवर्षं ते तिथंच असतात. दिवाळीला घर सारवताना, रंगवताना कुणीतरी ते बाहेर काढतं आणि नातवंडं विचारतात, ही कोण? मग एकीकडून उत्तर येतं, आत्या असेल. दुसरीकडून येतं, नाही, चुलत सासू असेल. आणि फोटो पुन्हा पिशवीत जातो.

फोटोचं नुकसान दोन प्रकारचं असतं. एक कागदाचं. ओल लागते, कसर लागते, रंग उडतो. दुसरं नावाचं. फोटो अगदी धड असतो, पण त्यातली बाई कोण हे सांगणारं कुणी उरत नाही. कागदाचं नुकसान हळूहळू होतं, त्याला वर्षं लागतात. नावाचं नुकसान एका दिवसात होतं. गावातली एक म्हातारी गेली की तिच्याबरोबर वीस-पंचवीस फोटोंमधली नावं जातात. म्हणून आमचं आजचं सांगणं एवढंच आहे: फोटो जपायचा तर आधी त्यातल्या बाईचं नाव जपा.

बाईचं असं आम्ही मुद्दाम म्हणतो. पुरुषांची नावं सातबाऱ्यावर असतात, शाळेच्या दाखल्यावर असतात, सोसायटीच्या वहीत असतात. आपल्या आज्या-पणज्यांचं नाव कुठल्या कागदावर होतं? शेतात राबली ती, पण सातबाऱ्यावर तिचं नाव क्वचितच. शाळेत गेली नाही, म्हणून दाखला नाही. कितीतरी बायकांच्या बाबतीत फोटो हाच त्या होत्या याचा एकमेव पुरावा आहे. त्यावरही नाव नसलं तर तो पुरावा मुका.

बायकांचे फोटो आधीपासूनच कमी. आपला हा सगळा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता. त्या राज्यात लाला दीनदयाळ नावाचे मोठे फोटोग्राफर होऊन गेले. सहाव्या निजामानं त्यांना राजा ही पदवी दिली. त्यांनी १८९२ साली हैदराबादेत फक्त बायकांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ काढला. पडद्यातल्या बायका परपुरुषासमोर बसत नसत, म्हणून तिथलं काम केनी-लेविक नावाच्या एका इंग्रज बाईंकडे दिलं होतं. पण तिथं जाणार कोण? नवाबांच्या, जहागीरदारांच्या घरच्या. आपल्या पणज्या तेव्हा ज्वारी खुडत होत्या. दीनदयाळांच्या काचेच्या दोन हजार आठशेहून जास्त निगेटिव्ह आज दिल्लीत इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात जपून ठेवल्या आहेत. राजाच्या दरबाराचे फोटो सरकार जपतं, ते जपायलाच हवेत. तुमच्या पेटीतला फोटो मात्र तुम्हीच जपायचा, दुसरं कुणी येणार नाही.

गरिबाघरच्या बाईचा फोटो निघायचा तो लग्नात. नाहीतर परभणीच्या उरुसात किंवा गावच्या जत्रेत, रंगवलेल्या पडद्यापुढं, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून. पुढं मतदार ओळखपत्रासाठी. आणि काही जणींचा तर त्या गेल्यावरच, ओळखपत्रावरचा टिकलीएवढा फोटो मोठा करून आणलेला.

आता एका फोटोची गोष्ट सांगतो. १० ऑक्टोबर १८८५ ही तारीख असलेला हा फोटो अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरात काढलेला आहे. तिथल्या बायकांच्या मेडिकल कॉलेजात शिकणाऱ्या तीन जणी त्यात बसल्या आहेत. तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. एक जपानची, एक सीरियाची आणि एक साडी नेसलेली आपल्या कल्याणची, आनंदीबाई जोशी. १८८६ च्या मार्चमध्ये आनंदीबाई डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षी, २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात वारल्या. वय बावीसही पूर्ण नव्हतं. आज हा फोटो शाळेच्या भिंतींवर दिसतो, मोबाईलवर फिरतो. पण तिघी कोण हे जगाला कळलं कसं? कारण फोटोखाली कुणीतरी तिघींची नावं आणि गावं लिहून ठेवली. नावांची अक्षरं थोडी इकडची तिकडं झाली आहेत. आनंदीबाईंच्या नावापुढं कल्याण नाही, बंगालमधलं सेरामपूर आहे, कारण अमेरिकेला निघण्याआधी त्यांचं बिऱ्हाड तिथं होतं. तरी त्या दोन ओळींमुळं सव्वाशेहून जास्त वर्षांनीही शोध घेणाऱ्याला वाट सापडली. जपानच्या बाई केई ओकामी, सीरियाच्या साबाट इस्लामबुली, दोघींची ओळख टिकली. त्या ओळी नसत्या तर तीन परदेशी पोरी, एवढंच आपण म्हणालो असतो.

आपल्या घरच्या फोटोलाही त्या दोन ओळी हव्यात. त्या मिळवायच्या कशा ते सांगतो.

घरातली किंवा गल्लीतली सगळ्यात वयस्कर बाई निवडा. दुपारची वेळ बरी, जेवणं झाल्यावर. एकदम पन्नास फोटो पुढं टाकू नका, पाच-सात दाखवा. डोळ्याला कमी दिसत असेल तर फोटो मोबाईलवर मोठा करून दाखवा. ही कोण, असं विचारून थांबू नका. हा फोटो कुठं काढला, कुणाच्या लग्नातला, अंगावरचं लुगडं कुणाचं, दागिने स्वतःचे की मागून आणलेले, असं विचारत गेलं की नावं आपोआप येतात. बाहत्तरच्या दुष्काळाआधीचा की नंतरचा, असं विचारलं की सालही बरोबर सापडतं. ज्यांनी तेव्हा खडी फोडली, सुकडी खाल्ली, त्यांना तो काळ विसरता येत नाही. किल्लारीच्या भूकंपाचं, म्हणजे १९९३ चंही तसंच.

एक अडचण येते. जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, सासऱ्याचं तर नाहीच. फोटोतल्या माणसाकडं बोट दाखवून म्हणतात, हे घरचे. अशा वेळी उखाणा घ्यायला लावा. आमच्या गटातल्या बायकांनी हे केलं आणि एका आजीनं साठ वर्षांपूर्वीचा उखाणा अडखळल्याशिवाय घेतला. नाव मिळालं, वर आजी दिवसभर खुशीत होती.

दुसरी अडचण आपल्याकडची मोठी. लग्नात मुलीचं नाव बदलतात. माहेरी जी गोदावरी ती सासरी लक्ष्मीबाई. लहानपणीच्या फोटोवर एक नाव, नंतरच्या फोटोवर दुसरं, आणि नातवंडांना वाटतं या दोन वेगळ्या बायका. म्हणून दोन्ही नावं लिहा. माहेरचं नाव आणि गाव, सासरचं नाव आणि गाव. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढ्यावर थांबू नका.

एकूण पाच गोष्टी लिहायच्या: कोण, कुठं, केव्हा, कोणत्या निमित्तानं, आणि हे कुणी सांगितलं. खात्री नसेल तिथं ‘बहुतेक’ असं लिहा. फोटो कुणी काढला हे माहीत असेल तर तेही लिहा. होमाई व्यारावाला या आपल्या देशातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार. स्वातंत्र्याच्या काळातले गाजलेले कितीतरी फोटो त्यांनी काढले. पण सुरुवातीला त्यांचे फोटो छापून यायचे नवऱ्याच्या नावावर. इतक्या मोठ्या बाईची ही गत, तर आपली काय सांगावी?

लिहायचं कशानं? बॉलपेननं नाही. त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि शाई पाझरते. मऊ शिसपेन्सिल घ्या. फोटो स्वच्छ, सपाट जागी पालथा ठेवा आणि पाठीवर अगदी कडेला हलक्या हातानं लिहा. अलीकडच्या फोटोंची पाठ प्लास्टिकसारखी गुळगुळीत असते, तिच्यावर पेन्सिल उमटत नाही. असा फोटो कागदाच्या पाकिटात घाला. आधी पाकिटावर लिहा, मग फोटो आत ठेवा. पुष्कळ जण असतील तर वहीत ‘डावीकडून पहिली, दुसरी’ असं ओळीनं लिहा आणि फोटोला व वहीतल्या पानाला एकच नंबर द्या.

हे झालं नावाचं. आता कागदाचं बघू.

जुना ब्लॅक अँड व्हाइट फोटो म्हणजे कागदावर जिलेटिनचा पातळ थर आणि त्यात चांदीचे बारीक कण. जिलेटिन हे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून करतात. ते पाणी पितं, फुगतं, चिकट होतं, त्याला बुरशी धरते. म्हणून तर फ्रेममधला फोटो पावसाळ्यात काचेला चिकटतो. रंगीत फोटोत चांदी नसते, रंग असतात, आणि रंग उन्हानं, उष्णतेनं उडतात. म्हणून ऐंशी सालच्या आसपासचे लग्नाचे फोटो लालसर-पिवळे पडलेले दिसतात आणि त्यांच्याही आधीचा आजीचा काळा-पांढरा फोटो चांगला राहिलेला दिसतो.

आपल्या घरांत फोटोचे शत्रू ठरलेले आहेत. पत्र्याच्या घरात उन्हाळ्याची भट्टी. माळवदाच्या घरात पावसाळ्यात ओल झिरपणारी भिंत. चुलीचा धूर, उदबत्तीचा धूर. कसर, झुरळ, वाळवी, उंदीर. आणि पाचवा शत्रू आपलं प्रेम. गेलेल्या माणसाच्या फोटोला आपण हळद-कुंकू लावतो, ओला हार घालतो. काचेवर लावलं तरी ते कडेनं आत उतरतं. त्यावर सोपा उपाय आहे. मूळ फोटोची चांगली प्रत काढून आणा, ती भिंतीवर लावा, तिला कुंकू लावा, हार घाला, काही बिघडत नाही. मूळ फोटो पेटीत ठेवा. माणसाची आठवण प्रतीनंही होते, पण प्रत खराब झाली तर दुसरी निघते, मूळ गेला तर संपलं.

भिंतीवर लावतानाही थोडं बघा. उन्हाची तिरीप येते ती भिंत नको, पावसाचा मारा बसतो ती भिंत नको, चुलीची आणि देवघराची शेजारची भिंत नको. फ्रेम करणाऱ्याला सांगा की फोटो आणि काच यांच्यामध्ये जाड कागदाची चौकट घाल, म्हणजे फोटो काचेला टेकणार नाही. आधीच चिकटला असेल तर ओढू नका, पाणी लावून सोडवू नका. चेहराच काचेवर राहून जातो. काचेवरूनच त्याचा फोटो काढून ठेवा आणि तो आहे तसा राहू द्या.

पेटीत ठेवताना वर्तमानपत्रात गुंडाळू नका. तो कागद पिवळा पडतो आणि फोटोलाही पिवळा करतो. पांढरा कोरा कागद किंवा धुऊन कडक वाळवलेलं जुनं सुती धोतर, लुगडं चांगलं. पेटी जमिनीवर नको, दोन विटांवर ठेवा, भिंतीपासून वीतभर लांब. कडुनिंबाचा वाळलेला पाला सुती पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात ठेवला तर चालेल, पण पाला किंवा डांबरगोळी फोटोला लागू देऊ नका. पोळ्याच्या आगेमागे एकदा आणि दिवाळीनंतर एकदा पेटी उघडा, फोटोंना सावलीत वारा द्या, कसर दिसते का बघा. हात धुऊन, कोरडे करून, फोटो कडेला धरून उचला. धूळ मऊ कोरड्या ब्रशनं झटका. ओलं फडकं, स्पिरिट, खोबरेल काही लावू नका. फाटलेला फोटो चिकटपट्टीनं जोडू नका, दोन्ही तुकडे एका पाकिटात ठेवा. आणि लॅमिनेशन कधीच करू नका. टिकाऊ होईल म्हणून बरेच जण करतात, पण गरम प्लास्टिक एकदा फोटोला चिकटलं की ते पुन्हा सुटत नाही.

अल्बमचं वेगळं बघावं लागतं. जुन्या काळ्या पानांचे, फोटोचे कोपरे अडकवायचे अल्बम चांगले असतात, ते मोडू नका. फोटो कुणी कोणत्या क्रमानं लावले यालाही अर्थ असतो. पानांच्या मध्ये पांढरा कागद घाला, एवढंच. पण ज्या अल्बमच्या पानालाच चिकट थर असतो आणि वरून पारदर्शक कागद ओढायचा असतो, तो वाईट. त्यातला चिकट थर वर्षानुवर्षं फोटोत मुरत जातो. असे फोटो सहज निघत असतील तर काढून पाकिटात ठेवा. निघत नसतील तर फोटोमागून बारीक दोरा करवतीसारखा हळूहळू ओढून बघा. तरीही नाही निघाला तर राहू द्या, पानासकट मोबाईलनं फोटो काढा. निगेटिव्हच्या पट्ट्या सापडल्या तर कचरा समजून फेकू नका. त्यांच्यावरून नवा फोटो निघतो.

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पावसानं काय केलं ते आपण पाहिलं. घरात पाणी शिरल्यावर आधी माणसं, जनावरं, धान्य. फोटोंची पाळी शेवटी येते आणि ते बरोबरच आहे. पण ते भिजले म्हणून टाकून देऊ नका. भिजलेले फोटो एकावर एक ठेवून वाळू दिले की त्यांची वीट होते. त्याआधीच, शक्यतो दोन दिवसांच्या आत, ते वेगळे करा. चिकटले असतील तर स्वच्छ गार पाण्यात थोडा वेळ ठेवून सोडवा. चिखल पाण्यातच हलवून जाऊ द्या, चेहऱ्यावर बोट फिरवू नका. मग सुती कापडावर चेहरा वर करून सावलीत वाळवा. उन्हात टाकले की ते पापडासारखे वळतात.

मोबाईल आता बहुतेक घरात आहे, त्याचा उपयोग करा. दाराजवळ उजेड असेल पण ऊन नसेल अशा जागी फोटो सपाट ठेवा. मोबाईल बरोबर वरून, आडवा धरा. फ्लॅश बंद. चारी कडा दिसल्या पाहिजेत. मग फोटोची पाठही टिपा, कारण नाव तिथं आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवला की फोटो लहान होतो आणि बारकावे जातात, म्हणून तो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. एक प्रत मेमरी कार्डात, एक दुसऱ्या गावच्या लेकीकडं. रंग भरून देणारी, चेहरा उजळ करणारी अ‍ॅप आली आहेत. हौस म्हणून करायला हरकत नाही, पण ती कल्पनेची साडी आणि कल्पनेचा चेहरा असतो. मूळ फोटो तसाच वेगळा ठेवा.

आता गटानं मिळून करायचं काम. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला नाहीतर १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाला, गावात जुन्या फोटोंचं प्रदर्शन भरवा. खर्च नाही. मूळ फोटो घरीच राहू द्या, झेरॉक्स किंवा प्रती आणा. शाळेच्या खोलीत किंवा समाजमंदिरात सुतळी बांधा आणि कपड्याच्या चिमट्यांनी प्रती लावा. प्रत्येकीखाली नंबर आणि एक कोरी चिठ्ठी. येणाऱ्यानं ओळखलं तर चिठ्ठीवर लिहायचं, लिहिता येत नसेल तर शेजारी वही घेऊन बसलेल्या मुलीला सांगायचं. सगळ्या वस्त्यांतले, सगळ्या जातिधर्मांच्या घरांतले फोटो मागा. वेशीबाहेर राहिलेल्यांचे फोटो आधीच थोडे, ते आवर्जून मागा. ज्यांच्या घरी एकही फोटो नाही, त्यांच्या घरच्या आजीचा आज फोटो काढा आणि नाव लिहून तोही लावा.

मात्र विचारल्याशिवाय कुणाचा फोटो लावायचा नाही. काही फोटोंत दुखणं असतं. पहिली बायको, टाकलेली बायको, लहानपणी लग्न लावून दिलेली पोर, घर सोडून गेलेली बहीण. आम्ही असेही फोटो पाहिले, ज्यांतून एक बाई कात्रीनं कापून काढलेली आहे. उरला आहे तो फक्त दुसरीच्या खांद्यावरचा तिचा हात. असा फोटो भिंतीवर लावू नका. पण त्याच्या पाठीवर हात कुणाचा हे लिहून ठेवा. कात्रीनं तिचा चेहरा गेला, नाव तरी राहू द्या.

आता १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव लावणं महाराष्ट्र सरकारनं सक्तीचं केलं आहे. आपल्या नातवंडांच्या कागदावर त्यांच्या आईचं नाव येणार. आपल्या आईचं, आजीचं नाव लावणारा सरकारी कागद आता निघणार नाही. ते आपल्यालाच लिहायचं आहे.

म्हणून येत्या आठ दिवसांत एवढं करा. एक फोटो, एक म्हातारी, एक पेन्सिल. गटाच्या पुढच्या बैठकीत हप्त्याच्या वहीबरोबर तो फोटो घेऊन या आणि त्याच्या पाठीवरचं नाव सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवा.